बाबांचा १९८६चा अ‍ॅम्प दुरुस्त करू की नव्या क्लास डी पद्धतीचा अ‍ॅम्प घेऊ?

चाफा_नागपूर (त्रिमूर्ती नगर)

नमस्कार. थोडं सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर मिळालेला सल्ला मला उपयोगी पडणार नाही.

माझे बाबा ८१ वर्षांचे आहेत. १९८६ साली त्यांनी घरी अ‍ॅम्प्लिफायर बनवला. सुटे भाग बर्डीवरून आणले, ट्रान्सफॉर्मर इतवारीत गुंडाळून घेतला. पत्र्याची पेटी, दोन्ही अंगांना सागवानी फळ्या, मागे काळं हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) आणि त्यावर २एन३०५५चे चार धातूचे ट्रान्झिस्टर. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय : "२० + २० वॉट, दिवाळी ८६". तेव्हा मी सहावीत होते. सोल्डरच्या धुराचा वास अजून आठवतो.

रोज संध्याकाळी सात ते दहा ते ऐकतात. ख्याल, ठुमरी, कधी नाट्यसंगीत. आधी कॅसेट होत्या, मग सीडी आल्या, आता भाच्याने एक छोटा स्ट्रीमर जोडून दिलाय. अ‍ॅम्प मात्र तोच. स्पीकर २००९ मध्ये घेतलेले, ८ ओहम, ८६ डीबी (एका वॉटला एक मीटरवर एवढा आवाज). खोली १२ बाय १४ फूट, आवाज कधीच मोठा नसतो.

दोन वर्षांपासून घूं असा आवाज यायला लागला. उन्हाळ्यात कूलरमुळे कळत नाही, कूलर बंद केला की ऐकू येतो. मग मागच्या मे महिन्यात उजवी बाजू वीस मिनिटं वाजून बसायला लागली. एका दुरुस्तीवाल्याने उजव्या बाजूचे दोन ट्रान्झिस्टर बदलले, साडेआठशे रुपये घेतले. पंधरा दिवसांत दोन्ही जळाले. पुन्हा बदलले, पुन्हा जळाले. तिसऱ्या खेपेला "याचे पार्ट आता येत नाहीत, भंगारात द्या" असं सांगून अ‍ॅम्प परत केला. आता उजव्या बाजूचा फ्यूज काढून ठेवलाय आणि फक्त डावी बाजू चालते.

बाबा तक्रार करत नाहीत. त्यांनी खुर्ची डाव्या स्पीकरकडे सरकवून घेतली आहे, बस. ती सरकलेली खुर्ची रोज बघते म्हणून हे लिहितेय.

पुण्याचा भाऊ म्हणतो, जुन्याचा नाद सोड, क्लास डी घे, तळहातावर मावतो आणि शंभर वॉट देतो. धरमपेठेत आणि बर्डीवर चार दुकानं फिरले, सगळीकडे साउंडबारच पुढे करतात. पंचवीस हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. हा दुरुस्त होण्यासारखा आहे का? आणि ज्या माणसाने चाळीस वर्षं तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी झणझण, एका अ‍ॅम्पवर ऐकली, त्याला क्लास डी रुचेल का?


खामला_९०

ताई, आधी एकच सांगतो. उजवा फ्यूज घालून "बघू चालतो का" असं अजिबात करू नका. प्लग काढा, अर्धा तास थांबा, मग झाकण उघडून दोन्ही हीटसिंकचे जवळून फोटो टाका. त्याच जागी ट्रान्झिस्टर परत परत जळतात तेव्हा दोष बहुधा शेजारच्या भागात असतो. इतवारीच्या काकांना सांगतो, ते नक्की बघतील.


चाफा_नागपूर

फोटो टाकले आहेत. डाव्या हीटसिंकवर दोन ट्रान्झिस्टरच्या मधोमध काचेचा एक बारीकसा डायोड आहे, पिवळट पडलेल्या अ‍ॅराल्डाइटने घट्ट चिकटवलेला. उजव्या बाजूला तसाच डायोड नुसता तारांवर लोंबकळतोय, कशालाच टेकलेला नाही. असंच असतं का?


सोल्डर_इतवारी

नाही ताई, असं नसतं. तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर त्या लोंबकळणाऱ्या डायोडात आहे.

मी १९८४ पासून हेच काम करून राहिलो. ट्रान्झिस्टर तापला की तो कमी व्होल्टेजवर उघडतो. एका अंशाला दोन मिलिव्होल्टच्या आसपास फरक पडतो. आपण त्याला आधी देत होतो तेवढंच व्होल्टेज देत राहिलो तर त्यातून जास्त करंट जातो, करंट वाढला की तो आणखी तापतो, आणखी तापला की आणखी करंट. त्याला आवरायला तो डायोड असतो. हीटसिंकला चिकटून असला म्हणजे ट्रान्झिस्टरसोबत तोही तापतो, त्याचंही व्होल्टेज तेवढंच उतरतं आणि ट्रान्झिस्टरला लगाम बसतो. तुमच्या बाबांनी तो दोन ट्रान्झिस्टरच्या बरोबर मधात चिकटवला आहे, म्हणजे त्यांना हे पक्कं माहीत होतं. दुरुस्ती करणाऱ्याने ट्रान्झिस्टर काढताना डायोड उपटला आणि परत लावलाच नाही. मग मे महिन्यात खोलीतच ४२ अंश असताना तो अ‍ॅम्प किती दिवस टिकणार!

दुसरं, त्याने टाकलेले ट्रान्झिस्टर नकली असण्याची दाट शक्यता आहे. नागपुरातच नाही, सगळीकडे हा माल आहे. जळालेले जपून ठेवले असतील तर एकाची टोपी हॅकसॉने कापून पाहा. खऱ्या २एन३०५५ मध्ये आतली चिप तुरीच्या डाळीएवढी दिसते, नकलीत मोहरीएवढी. वर छापलेलं सारखंच : १५ अँपिअर, ६० व्होल्ट, ११५ वॉट. मोहरीएवढ्या चिपेला ते कसं झेपेल? आणि "पार्ट येत नाहीत" हे खरं नाही. खरा माल अधिकृत वितरकाकडून मागवला तर आजही येतो, थोडा महाग पडतो एवढंच.

पण उजवी बाजू आधी जी वीस मिनिटांनी बसत होती, ते दुखणं वेगळं. ते ड्राय सोल्डरचं असेल. थंड असताना जोड चिकटून असतो, तापून पीसीबी थोडा फुगला की सुटतो. चालू अ‍ॅम्पमध्ये लाकडी काडीने एकेक पार्ट हलकेच टोचायचा, जिथे आवाज येतो-जातो तिथे दोष. एसएल १००, एसके १०० या ड्रायव्हरचे, म्हणजे मोठ्या ट्रान्झिस्टरना चालवणाऱ्या छोट्यांचे, पाय आधी पाहा, ते तापतात. खरं म्हणजे गेल्या वर्षी एवढंच काम होतं, पाच मिनिटांचं. ट्रान्झिस्टर बदलायची गरजच नव्हती.

आता तो घूं. आपल्याकडे लाइन ५० हर्ट्झची, ब्रिज रेक्टिफायरनंतर तिचा १०० हर्ट्झ होतो, तो मोठा कंडेन्सर गिळतो. कंडेन्सर वाळला की गिळणं कमी होतं आणि घूं स्पीकरपर्यंत पोचतो. कंडेन्सर वाळतो तो उष्णतेने. ढोबळ गणित असं की दर दहा अंश कमी झाले की त्याचं आयुष्य दुप्पट. ८५ अंशाला २००० तासांचा कंडेन्सर ६५ अंशाला ८००० तास चालतो. नागपूरच्या उन्हाळ्यात बंद पेटीत ६५ अंश सहज होतात, आणि रोज तीन तास म्हणजे वर्षाला हजाराच्या वर. तुमचे कंडेन्सर चाळीस वर्षं चालले ते हिवाळ्याच्या पुण्याईवर. नवे टाकताना १०५ अंशाचेच टाका. त्याच हिशेबाने २००० तासांचा असला तरी ६५ अंशाला तो ३२००० तास जातो.

फोटोत स्पीकरच्या वाटेवर २२०० मायक्रोफॅरडचा एकेक कंडेन्सर दिसतो, म्हणजे ही एकाच सप्लायची जुनी पद्धत आहे. आजकाल या कंडेन्सरला लोक नावं ठेवतात, आवाज बिघडवतो म्हणतात. पण दोनदा ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊनही तुमचा उजवा स्पीकर जिवंत आहे तो याच्यामुळेच. डीसी त्याने अडवून धरला. हेही दोन नवे टाकू.

सगळा माल दीड-दोन हजारांत येईल. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा लावायचा तो सिरीज बल्बवर. शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब लाइनमध्ये सिरीजला. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. 

क्लास डीबद्दल विचारलंत. माझं पोट ट्रान्झिस्टरवर भरलं तरी सांगतो, आता ती चीज चांगली आहे. पंख्याचा जुना मोठा रेग्युलेटर आठवतो? पंखा हळू केला की तो डबा गरम व्हायचा, कारण नको असलेली वीज तो आत जाळत होता. आपले क्लास एबीचे अ‍ॅम्प तसेच, ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा ठेवून काम करतात. क्लास डीत ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, सेकंदाला काही लाख वेळा. किती वेळ उघडा आणि किती वेळ बंद यात गाणं असतं, आणि शेवटची कॉइल-कंडेन्सरची जोडी त्यातून गाणं गाळून काढते. त्यामुळे जवळपास नव्वद टक्के वीज स्पीकरला जाते. डी म्हणजे डिजिटल असं दुकानदार सांगतात, ते चूक आहे. ए, बी, सी झाल्यावर पुढचं अक्षर म्हणून डी.

माझी अडचण दुसरी आहे. त्या छोट्या अ‍ॅम्पमध्ये एकच चिप, ४४ पायांची, पाय केसासारखे. ती गेली की बहुतेक ठिकाणी सरळ बोर्ड फेकतात. तुमच्या बाबांच्या अ‍ॅम्पमध्ये चाळीस वर्षांनंतरही प्रत्येक पार्ट हाताने काढून हाताने लावता येतो. तो आधी माझ्याकडे आणा, मग काय घ्यायचं ते घ्या.


मनीषनगर_सर्किट

काकांच्या निदानाबद्दल शंकाच नाही. क्लास डीवर मात्र थोडं जास्त बोलायला हवं, कारण "आता चांगली आहे" एवढ्याने ताईंना निवड करता येणार नाही.

आधी वॉटचा प्रश्न, कारण भावाचे शंभर वॉट इथे गैरलागू आहेत. ८६ डीबीचे दोन स्पीकर १२ बाय १४ च्या खोलीत, बाबा आठ-नऊ फुटांवर. संध्याकाळच्या शांत ऐकण्याला सरासरी ७० डीबी धरा, त्याला वॉटचा दहावा भाग पुरतो. तबल्याची थाप सरासरीच्या वीस डीबी वर गेली तर त्या क्षणाला दहा वॉट. म्हणजे बाबांनी १९८६ ला मोजून बरोबर केलं होतं, वीस वॉट या खोलीला पुरून उरतात. शंभर वॉटमुळे तंबोरा कणभरही सुधारणार नाही.

आता क्लास डी. जुन्या स्वस्त बोर्डांची तक्रार खरी होती. काकांनी सांगितलेली गाळणी, ती कॉइल-कंडेन्सरची जोडी, फीडबॅकच्या (बाहेर पडणारा आवाज परत आत आणून चूक सुधारण्याच्या वाटेच्या) बाहेर असायची. मग स्पीकरचा ओहम जसा वरखाली होईल तसा वरच्या सुरांचा समतोल बदलायचा. एका स्पीकरवर आवाज टोचरा, दुसऱ्यावर दबलेला. लोक म्हणायचे क्लास डीत जीव नाही. ते चूक नव्हते, पण कारण त्या गाळणीत होतं. ब्रुनो पुट्झेस या बेल्जियन अभियंत्याने फिलिप्समध्ये असताना यूसीडी नावाची रचना केली, तिच्यात फीडबॅक गाळणीच्या पुढून, थेट स्पीकरच्या टोकावरून घेतला. पुढे हायपेक्स कंपनीत एनकोर ही रचना झाली, आणि २०१९ मध्ये प्युरिफाय कंपनीचं आयगेनटाक्ट आलं. आता महागड्या अ‍ॅम्पमध्येही हेच मॉड्यूल बसतात. मरांट्झच्या २०२०च्या मॉडेल ३० मध्ये हायपेक्स आहे, एनएडीच्या एम ३३ मध्ये प्युरिफाय. काही वर्षांपूर्वी या किमतीला क्लास डी म्हटलं की लोक दुकानातून निघून जायचे.

तुमच्या बजेटात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए ३२५५ या चिपेवरचे छोटे अ‍ॅम्प येतात. त्यात घेताना पीएफएफबी आहे का एवढं बघा, म्हणजे गाळणीनंतरचा फीडबॅक. ते असेल तर स्पीकर कोणताही असो, वरचे सूर सरळ राहतात. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा : यांची स्पीकरची दोन्ही टोकं जिवंत असतात. काळं टोक म्हणजे अर्थिंग (ग्राउंड) नाही. डावं-उजवं काळं एकत्र बांधलं, किंवा जुन्या सवयीने चासीला (धातूच्या पेटीला) लावलं, तर चिप जाईल.

उष्णतेचा मुद्दा मी जास्त गंभीरपणे घेतो. माझ्या एका ओळखीच्या माणसाने हौसेने २५ वॉटचा शुद्ध क्लास ए अ‍ॅम्प घेतला. काही न वाजवताही तो दीड-दोनशे वॉट खातो, म्हणजे खोलीत छोटा हीटर. डिसेंबरात त्याच्याकडे बसायला फार छान वाटतं. मे महिन्यात तो कापडाखाली झाकलेला असतो. पुस्तकं वाचून आपण लंडन-टोकियोच्या माणसाची आवड उचलतो, आणि आपल्या गावात वर्षातले तीन महिने ती वस्तू लावताही येत नाही.

काकांशी माझा मतभेद दुरुस्तीबद्दल. माझा पहिला मोठा अ‍ॅम्प क्लास एबीचा होता, चौदा किलोचा, नामांकित कंपनीचा. एक बोर्ड गेला, सेवा केंद्रात सात महिने पडून राहिला, शेवटी बोर्ड मिळालाच नाही. म्हणजे क्लास कुठलाही असो, आतला नकाशा आणि सुटे भाग हाती नसतील तर वस्तू मेलीच. आणि हे आता वाढणार. २०२४ च्या शेवटी मॅकिंटॉश ही अ‍ॅम्पची कंपनी बोसकडे गेली, २०२५ मध्ये डेनॉन, मरांट्झ आणि बॉवर्स अँड विल्किन्स ही नावं सॅमसंगच्या हरमनकडे गेली. मालक बदलला की दहा वर्षांपूर्वीच्या मॉडेलचे भाग कोण ठेवेल? त्या मानाने सुटा सप्लाय आणि सुटं मॉड्यूल असलेला क्लास डी मला सोपा वाटतो, चार स्क्रू काढून नवं मॉड्यूल बसवता येतं.

ताई, माझं म्हणणं : बाबांचा अ‍ॅम्प काकांकडे द्याच. पंचवीस हजार आत्ता खर्च करू नका. तोवर आठ-दहा हजारांचा छोटा क्लास डी कोणाकडून मागून आणा आणि बाबांना ऐकवा. तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. १०० हर्ट्झचा स्वर वाजवायचा आणि स्पीकरच्या दोन टोकांवर मल्टिमीटर एसीत ठेवून दोन्हींवर एकच आकडा आणायचा. जो किंचित मोठा असतो तोच कानाला चांगला वाटतो, म्हणून हे आधी करायचं.


चाफा_नागपूर

तीन आठवड्यांनी लिहितेय, कालच पहिला पाऊस झाला.

काकांकडे अ‍ॅम्प नेला. जळालेल्या ट्रान्झिस्टरची टोपी त्यांनी माझ्यासमोर कापली. आत खरोखर मोहरीएवढा ठिपका होता. ड्राय सोल्डरही निघाला, उजव्या एसएल १०० च्या मधल्या पायाला, भोवती केसासारखी गोल चीर. भिंगातून दाखवली तेव्हा मलाही दिसली. ट्रान्झिस्टर यायला बारा दिवस लागले. काकांनी डायोड परत चिकटवला, आणि बाबांनी जिथे लावला होता अगदी तिथेच, जुन्या अ‍ॅराल्डाइटच्या खुणेवर. मग सिरीज बल्ब. बल्ब लखकन पेटून मंद झाला तेव्हा मी श्वास रोखून उभी होते. एमिटरच्या ०.४७ ओहमवर त्यांनी १४ मिलिव्होल्ट मोजून दाखवले, म्हणजे गाणं नसताना ३० मिलिअँपिअर करंट, आणि अर्धा तास तापवल्यावरही आकडा तिथेच राहिला.

मधल्या दिवसांत भाच्याचा छोटा क्लास डी घरी होता. रविवारी सर्किटदादांनी सांगितलं तसं मीटर लावून दोन्ही सारखे केले. बाबा खुर्चीवर डोळे मिटून बसले, खुर्ची मधोमध. मी आणि भाचा तारा बदलत होतो, काय लावलंय ते सांगत नव्हतो. फक्त तंबोरा आणि विलंबित ख्याल. आठ वेळा विचारलं, पाच वेळा त्यांनी बरोबर ओळखलं. आठव्या वेळेनंतर म्हणाले, "जवारी दोन्हीत आहे गं. मी अंदाजच सांगत होतो." मग थोड्या वेळाने, "माझा लाव आता."

म्हणून निर्णय असा झाला की बाबांचा अ‍ॅम्प जागेवर राहील, आणि एप्रिल-मे-जून छोटा वाजेल. पेटी तापू द्यायची नाही. भाच्याने त्याचा अ‍ॅम्प ठेवूनच घेऊ दिलाय. बाबांनी यावर हरकत घेतली नाही. उन्हाळ्यात हीटसिंकला हात लावून बघायची त्यांची जुनी सवय आहे, त्यांना माझ्याआधीच पटलं.

पण एक नवी भानगड झाली आहे. बाबा सकाळी त्यांच्या जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओवर आकाशवाणी नागपूर लावतात, मीडियम वेव्ह ५८५. रेडिओ त्याच टेबलावर असतो. छोटा अ‍ॅम्प आल्यापासून स्टेशनवर किर्र असा आवाज बसतो, अ‍ॅम्पवर काहीही वाजत नसताना. रेडिओ बिघडला की काय?


सोल्डर_इतवारी

रेडिओ ठणठणीत आहे ताई. असल्या चिपेचा उघडझाप करण्याचा वेग ४५० ते ६०० किलोहर्ट्झच्या घरात असतो आणि आपलं नागपूर केंद्र ५८५ वर. दोघांची वाट एकच. गाणं लावा की नका लावू, अ‍ॅम्प चालू आहे तोवर उघडझाप चालूच राहते, आणि स्पीकरच्या लांब तारा अँटेनासारखं काम करतात.

रात्री झोपताना अ‍ॅम्पचं बटण भिंतीवरून बंद करत जा. स्पीकरच्या तारा लागतील तेवढ्याच ठेवा, गुंडाळी नको. आणि रेडिओ टेबलावरून उचला. त्याच्या पोटात फेराइटची आडवी कांडी असते, ती दिशा धरते. रेडिओ उभ्या अक्षावर हळूहळू फिरवून पाहा, एका बाजूला किर्र एकदम पडेल आणि स्टेशन राहील. ती बाजू सापडली की तिथे पेन्सिलीने खूण करा.


चाफा_नागपूर

खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, तोंड तुळशीकडे. ५८५ स्वच्छ आहे. खूण बाबांनीच केली, खाली तारीख घालून.